नळावर पडताळता येईल असा हिशेब

शाळेचा हॉल, संध्याकाळचे सहा. समोर लांब टेबल, टेबलामागे वॉर्ड ऑफिसातून आलेली माणसं: जलकामे, परिरक्षण, घनकचरा, आरोग्य, कीटकनाशक. एका टोकाला पोलीस ठाण्याचे निरीक्षक, दुसऱ्या टोकाला अग्निशमन केंद्राचे अधिकारी. समोरच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर सोसायटीचे सेक्रेटरी, चाळीतले जुने भाडेकरू, वस्तीतल्या बायका, कोपऱ्यावरचे दुकानदार. मुंबईत अशी सभा कुठे एएलएमच्या (ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट, म्हणजे महापालिकेसोबत काम करणारा गल्लीतल्या रहिवाशांचा गट) नावाने भरते, कुठे पोलीस आणि रहिवासी यांना एकत्र आणणाऱ्या मोहल्ला समितीच्या, कुठे नगरसेवकाच्या पुढाकाराने. नाव कुठलंही असो, पहिल्या अर्ध्या तासात एक वाक्य हमखास येतं: "काम प्रगतिपथावर आहे."

हे वाक्य खोटं असतं असं नाही. पण ते ऐकून घरी गेलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी पडताळून बघता येईल असं त्यात काहीच नसतं. कुठलं काम, किती झालं, किती राहिलं, कशामुळे राहिलं, कुणाकडे अडलं, पुढे कधी बघायचं, यातला एकही धागा हाती लागत नाही. सभा संपते, चहा होतो, आणि तीन महिन्यांनी तेच वाक्य पुन्हा येतं.

उत्तर आणि हिशेब या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. उत्तर तक्रारदाराला मिळतं आणि त्याच्यापाशीच संपतं. हिशेब चारचौघांसमोर मांडला जातो, आणि त्यात मागची बाकी पुढे ओढलेली असते. वाण्याच्या वहीत प्रत्येक पानाच्या वर 'मागील बाकी' लिहिलेली असते तशी. म्हणून सभेतला पहिला कागद गेल्या सभेचा हवा. गेल्या वेळी काय कबूल केलं होतं, त्यातलं काय झालं, काय नाही झालं आणि का. हा कागद नसेल तर सभेत बोलणं खूप होतं, पण हिशेब होत नाही.

गावाकडे ग्रामसभा असते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा कोकणातल्या किंवा घाटावरच्या माणसाला सांगाव्या लागत नाहीत. सभा चांगली होवो वा वाईट, ती व्हायलाच हवी हे गावाला माहीत असतं. तोच माणूस मुंबईत आला की लाखालाखाच्या वॉर्डात विरघळून जातो. १९९३ साली अमलात आलेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने शहरात वॉर्ड समित्यांची सोय केली, २००९ साली महाराष्ट्राच्या कायद्यात क्षेत्र सभेची, म्हणजे वॉर्डातल्या छोट्या भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूदही आली. पण ग्रामसभा जशी अंगवळणी पडली, तशी क्षेत्र सभा मुंबईच्या पडली नाही. जे काही उभं राहिलं ते लोकांच्या आणि काही अधिकाऱ्यांच्या हौसेतून. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मोहल्ला समित्या आल्या. नव्वदच्याच दशकात घाटकोपरच्या जोशी लेनने कचऱ्याचा प्रश्न हातात घेतला आणि त्यातून एएलएमची पद्धत शहरभर गेली. पुढे ७ मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते. त्या काळात अधिकाऱ्याला समोरासमोर विचारायची जागा फारच आक्रसली. ज्या गल्ल्यांत अशी सभा चालू होती, तिथल्या लोकांना तिची किंमत तेव्हा कळली.

आता पाण्याचं घेऊ, कारण सभेतला निम्मा वेळ पाणीच खातं.

जलकामे खात्याचे अभियंता बहुतेक वेळा तलावांपासून सुरुवात करतात. अप्पर वैतरणा, मोडकसागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी. सातांचा मिळून १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर साठा, १ ऑक्टोबरला तो पूर्ण भरलेला असला तर वर्षाची चिंता नाही. हे सगळं बरोबर आहे. पण गल्लीच्या शेवटच्या घरात पाणी का पोचत नाही, याचं उत्तर तलावात नाही. ते शहरातल्या साठवण टाकीपासून गल्लीपर्यंतच्या झडपांत आणि जलवाहिन्यांत आहे.

मुंबईत बहुतेक भागांना पाणी ठरावीक वेळेतच सुटतं. प्रत्येक विभागाची झोन ठरलेली असतात आणि झोनची झडप उघडायला चावीवाला येतो. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उचलून तो लांब दांड्याची, वर आडवी मूठ असलेली लोखंडी चावी झडपेच्या टोकावर बसवतो आणि फिरवतो. किती आटे फिरवायचे हे त्याच्या हाताला ठाऊक असतं. सगळी झडप एकदम उघडली तर पाण्याचा धक्का बसून जुनी वाहिनी फुटू शकते, म्हणून हळूहळू. दोन आटे कमी पडले तर उतारावरच्या इमारती भरतात आणि टेकडीवरच्या घरांना नुसती हवा येते. पहाटे साडेचारला सुटायचं पाणी पावणेपाचला सुटलं आणि बंद मात्र वेळेवर झालं, तर ती पंधरा मिनिटं पहिल्या नळाची जात नाहीत, शेवटच्या नळाची जातात. कारण वाहिनी भरेपर्यंत शेवटचं घर रिकामी कळशी धरून बसलेलं असतं.

म्हणून पाण्याचा हिशेब चार ओळींत बसतो, आणि या चार ओळी दर सभेत मागाव्यात. झोनची झडप गेल्या महिन्यात रोज किती वाजता उघडली आणि किती वाजता बंद झाली. पहिल्या आणि शेवटच्या जोडणीवर दाब किती होता. गळतीच्या तक्रारी किती आल्या आणि दुरुस्तीला किती दिवस लागले. पाण्याचे नमुने कुठून, किती घेतले आणि त्यातले किती पिण्यायोग्य नव्हते.

दाब मोजणं अवघड नाही. साधा प्रेशर गेज नळाला लावला की काटा सांगतो. एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे पाणी साधारण दहा मीटर चढेल, म्हणजे मोटर न लावता तिसरा मजला. गल्लीच्या तोंडाशी एक किलो आणि टोकाला पाव किलो दाब येत असेल, तर मधे कुठेतरी पाणी जातंय: गळती आहे, वाहिनी गंजून आतून अरुंद झाली आहे, किंवा कुणीतरी थेट वाहिनीवर मोटर लावली आहे. गेज नसला तर वीस लिटरची बादली आणि मोबाइलवरचं घड्याळ पुरे. पहिल्या घरी बादली एका मिनिटात भरते आणि शेवटच्या घरी सहा मिनिटांत, एवढं वाक्य सभेत कुणी आठवडाभराच्या नोंदीसकट वाचून दाखवलं, की "पाणी कमी येतं" या तक्रारीला जे उत्तर मिळतं ते इथे देता येत नाही. अभियंत्यालाही हे आकडे हवेच असतात. रात्री सगळं शांत झाल्यावर साउंडिंग रॉड रस्त्याला टेकवून, कान लावून गळती शोधणाऱ्या माणसाला नेमकं कुठल्या पन्नास मीटरांत ऐकायचं, हे त्यातून समजतं.

थेट वाहिनीवर लावलेल्या मोटरबद्दल सभेत स्पष्ट बोलायला हवं, आणि ते सहसा कुणी बोलत नाही, कारण मोटर शेजाऱ्याचीच असते. अशी मोटर दुसऱ्याचं पाणी ओढते एवढाच तिचा दोष नाही. ती वाहिनीत उलटा खेच निर्माण करते. जिथे बारीक छिद्र आहे, सांधा सैल आहे, आणि वरून गटाराचं पाणी वाहतंय, तिथून ते पाणी आत ओढलं जातं. पाणी बंद असतानाही तसंच होतं. वाहिनी रिकामी, आत दाब नाही, बाहेर चिखल. मुंबईत पाणी दूषित होण्याची बरीच प्रकरणं अशा घरजोडण्यांमधून होतात, ज्या गटारातून किंवा गटाराला चिकटून गेलेल्या असतात. म्हणूनच सुटल्यावरचं पहिलं पाणी गढूळ येतं. ते काही मिनिटं वाहू द्यावं, लादी पुसायला वापरावं, पण प्यायचं भांडं त्याखाली धरू नये.

नमुन्यांच्या आकड्यात आणखी एक मेख असते. "आपल्या विभागात इतके टक्के नमुने अयोग्य" एवढं सांगितलं की आकडा कळतो, जागा कळत नाही. नमुना रस्त्यावरच्या मुख्य वाहिनीच्या नळावरून घेतला, की इमारतीच्या तळटाकीतून, की गच्चीवरच्या टाकीतून, हे विचारावंच. टाक्या सोसायटीच्या, त्यांची सफाई सोसायटीची. तिथला नमुना खराब आणि मुख्य वाहिनीचा चांगला, तर प्रश्न महापालिकेचा नाही, टाकीच्या झाकणाचा आहे. नमुना घेण्याची पद्धतही सगळ्यांना माहीत असलेली बरी. नळाचं तोंड पुसून ज्योतीने तापवायचं, पाणी दोन-तीन मिनिटं वाहू द्यायचं, निर्जंतुक बाटलीत भरायचं. त्या बाटलीत आधीच थोडं सोडियम थायोसल्फेट असतं, ते पाण्यातला क्लोरीन निष्प्रभ करतं, नाहीतर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत क्लोरीन जंतू मारत राहील आणि खराब पाणीही चांगलं दिसेल. बाटली बर्फावर ठेवून त्याच दिवशी पोचवायची. १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जंतू) अजिबात सापडता कामा नये, असा नियम आहे. आणि नळापर्यंत पोचलेल्या पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवा. तो तपासायचं साधं किट असतं: काचेच्या नळीत पाणी, त्यात ठरलेले थेंब, आणि पाणी पिवळं झालं की रंग पट्टीशी जुळवायचा. पिवळं झालंच नाही, तर क्लोरीन वाटेत संपला, म्हणजे वाटेत त्याला काहीतरी भेटलं. ही तपासणी सभेत, हॉलमधल्या नळाच्या पाण्यावर, सगळ्यांसमोर करून दाखवायला पाच मिनिटं लागतात. अशी पाच मिनिटं देणारा अभियंता लोक विसरत नाहीत.

नालेसफाईचा हिशेब मात्र जन्मतःच अवघड आहे.

एप्रिल-मेमध्ये सभेत सांगितलं जातं, अमुक इतके मेट्रिक टन गाळ काढला, ३१ मेपर्यंत उरलेला काढू. गाळ टनात मोजतात, कारण गाडी वजनकाट्यावर जाते, रिकामी आणि भरलेली. बिल त्यावर निघतं. पण ओला गाळ आणि निथळलेला गाळ यांच्या वजनात फार फरक पडतो, त्यात पाणी किती हे वजनकाटा सांगत नाही. गाळाबरोबर वर तरंगणारा कचरा आला तर आकारमान वाढतं, नाला खोल होत नाही. टनांचा आकडा कंत्राटदाराचं काम मोजतो. आपल्याला नाल्याची खोली मोजायची आहे.

त्यासाठी एक साधी गोष्ट मागता येते: पुलाच्या किंवा कल्व्हर्टच्या (रस्त्याखालच्या मोरीच्या) भिंतीवर रंगाने केलेली मोजपट्टी. वर शून्य, खाली दर दहा सेंटिमीटरला एक रेघ. सफाईआधी गाळ कुठल्या रेघेवर होता आणि नंतर कुठल्या, याचे तारखेसह दोन फोटो. त्या रस्त्याने शाळेत जाणारी मुलगीसुद्धा पुलावरून बघून सांगू शकेल, गाळ १२० वरच्या रेघेवरून १८० वर उतरला का. पहिल्या पावसानंतर पुन्हा बघायचं. काढलेला गाळ काठावर वाळत ठेवतात, तो वेळेत उचलला नाही तर जूनच्या पहिल्या सरीत परत नाल्यातच जातो, आणि कागदावर मात्र तो निघालेला असतो. गाळ काढला कधी, आणि काठावरून उचलला कधी, या दोन तारखा वेगवेगळ्या मागाव्यात.

पाणी तुंबण्याचं सगळं खापर गाळावर फोडणंही बरोबर नाही. जुन्या मुंबईच्या पर्जन्य जलवाहिन्या ताशी साधारण २५ मिलिमीटर पावसासाठी, आणि तेही ओहोटी असताना, अशा हिशेबाने बांधलेल्या. १९८५ च्या पुरानंतर ब्रिमस्टोवॅडचा, म्हणजे या वाहिन्या सुधारण्याच्या आराखड्याचा, अहवाल आला, १९९३ मध्ये, आणि त्यात ही क्षमता ताशी ५० मिलिमीटर करायचं ठरलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडल्यानंतर त्या कामाला वेग आला. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध इथली उदंचन केंद्रं, म्हणजे पाणी उपसणारी पंपिंग स्टेशनं, त्यातूनच उभी राहिली. तरीही साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले, तर समुद्राकडे जाणारी तोंडं बंद करावी लागतात आणि पाणी पंपानेच बाहेर टाकावं लागतं. मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी पावसाळ्याआधी जाहीर होते. सभेत ती यादी समोर ठेवून विचारायचं: आपल्या सखल जागेवर त्या दिवशी पंप असेल का, ताशी किती घनमीटर पाणी उपसतो, डिझेल किती तासांचं, चालवणारा माणूस रात्री तिथे असतो की फोन केल्यावर येतो. पंप लावलेला असून पाणी तुंबलं, असं होतं तेव्हा बहुतेक वेळा पंप ठीक असतो. ज्या चेंबरमधून तो पाणी ओढतो, त्याच्या तोंडावर प्लास्टिक अडकलेलं असतं, किंवा पंप जिथे पाणी सोडतो तीच वाहिनी आधी भरलेली असते.

मॅनहोलच्या झाकणाबद्दल एक गोष्ट गल्लीतल्या प्रत्येकाला पाठ हवी. रस्त्यावर पाणी साचलं म्हणून झाकण उघडायचं नाही. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईतले एक नामवंत डॉक्टर अशाच उघड्या मॅनहोलमधून वाहून गेले. त्यानंतर झाकणाखाली संरक्षक जाळी बसवायला सुरुवात झाली. आपल्या गल्लीत मॅनहोल किती, जाळी कितींना आहे, हा आकडा सभेत मिळायला हवा, आणि तो गल्लीत फिरून मोजता येतो. मॅनहोल दोन खात्यांची असतात: मलनिःसारणाची आणि पर्जन्य जलवाहिन्यांची. तक्रार चुकीच्या खात्याकडे गेली की ती "आमच्याकडे येत नाही" असा शेरा मारून बंद होते. दोन्ही खात्यांच्या माणसांना एकदा एकत्र गल्लीत चालवून, प्रत्येक झाकणावर रंगाने खूण करून घेतली, तर पुढची कितीतरी वर्षं हा घोळ होत नाही.

खड्ड्यांवर फार बोलण्यात अर्थ नाही, कारण तिथे विचारायचा प्रश्न एकच आहे: या रस्त्याचा डीएलपी, म्हणजे दोषदायित्व कालावधी, कधी संपतो? तो चालू असेल तर दुरुस्ती कंत्राटदाराच्या खर्चाने व्हायची, आणि महापालिकेने पुन्हा पैसे घातले असतील तर का घातले, हे विचारता येतं. खड्डा चर बुजवल्याच्या जागी असेल तर चर कुणी खणला, आणि तो पूर्ववत करायला भरलेले पैसे कुठल्या कामाला लागले, एवढंच.

डेंग्यू-मलेरियाच्या बाबतीत मात्र लोक चुकीचा हिशेब मागतात, असं म्हणावं लागतं. "आमच्याकडे धूर फवारणी किती वेळा झाली?" हा सभेतला सगळ्यात लाडका प्रश्न. धुराने त्या क्षणी उडणारा डास मरतो. पाण्यातली अळी तशीच राहते आणि चार दिवसांत नवा डास बाहेर येतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा सगळं साठवलेलं पाणी ओतून भांडी कोरडी केली तर साखळी तुटते. डेंग्यूचा एडिस स्वच्छ पाण्यात वाढतो: फ्रीजमागचा ट्रे, मनी प्लँटची बाटली, कुंडीखालची बशी, पत्र्यावर अंथरलेल्या ताडपत्रीच्या घड्या, टायर. मुंबईतल्या मलेरियाचा ॲनॉफेलिस स्टीफेन्सी मात्र गच्चीवरच्या टाक्यांत आणि विहिरींत वाढतो. कीटकनाशक खात्याचा माणूस टाकी तपासायला येतो तेव्हा वर चढायला शिडीच नसते, आणि तो खालूनच परत जातो. म्हणून या खात्याला विचारायचं ते असं: किती घरं आणि किती टाक्या तपासल्या, किती ठिकाणी अळ्या सापडल्या, कुठल्या प्रकारच्या भांड्यात, आणि किती टाक्यांपर्यंत पोचताच आलं नाही. शेवटचा आकडा सोसायट्यांनी स्वतःकडे बघून ऐकायचा आहे. टाकीला डासबंद झाकण आणि भक्कम शिडी, एवढं झालं की त्या खात्याच्या माणसाचं निम्मं काम सोपं होतं.

अग्निशमनाच्या अधिकाऱ्यांचं बोलणं लोक आदराने ऐकतात आणि घरी जाऊन विसरतात. महाराष्ट्रात अग्निसुरक्षेचा २००६ चा कायदा आहे. त्यानुसार ज्या इमारतींत अग्निसुरक्षेची यंत्रणा आहे त्यांनी परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, 'फॉर्म बी', म्हणजे यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, द्यायचा असतो. आपल्या भागातल्या किती इमारतींनी तो दिला, हा आकडा सभेत यायला हवा. पण फॉर्म कागद आहे. पाणी चढतं का, हे बघायला गच्चीवर जावं लागतं. तिथला हायड्रंट उघडला की खालचा पंप आपोआप सुरू व्हायला हवा आणि गच्चीवर साडेतीन किलो दाब मिळायला हवा. होज बॉक्स उघडून बघावा. पितळी नोझल चोरीला गेलेलं असतं, होज घडीवर चिरलेला असतो. पंपाची वीज इमारतीच्या मुख्य स्विचच्या आधीच वेगळी घेतलेली हवी, कारण आग लागल्यावर पहिलं काम मुख्य स्विच पाडणं, आणि पंप त्यावरच असेल तर तोही बंद. जुन्या चाळींत यंत्रणाच नसते. तिथे जिन्याखालची मीटरची पेटी आणि तिच्यासमोर रचलेलं जुनं सामान हीच खरी तपासायची जागा. आणि रात्री अकरानंतर गल्लीत बंब वळेल का, हे अधिकाऱ्यांना बंब घेऊनच दाखवायला सांगावं. दुचाक्यांची दुहेरी रांग तेव्हाच हलते.

पोलिसांच्या हिशेबात दोन शब्द लक्षपूर्वक ऐकायचे. दखलपात्र, म्हणजे ज्यात पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात, आणि अदखलपात्र, म्हणजे ज्यात तसा तपास करता येत नाही, नुसती नोंद होते. "गुन्हे कमी झाले" म्हणजे दाखल गुन्हे कमी झाले. मोबाइल हरवल्याची नोंद आणि मोबाइल चोरीचा गुन्हा वेगळा मोजला जातो. म्हणून आलेल्या तक्रारी आणि नोंदलेले गुन्हे, दोन्ही आकडे एकत्र मागावेत. पैसे ऑनलाइन गेले तर पहिल्या तासाभरात १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता बरीच वाढते, हे दर सभेत, विशेषतः ज्येष्ठांसाठी, पुन्हा सांगायला हवं. कुणाच्या घरातलं प्रकरण मात्र सभेत येऊ नये. बाईने दिलेली तक्रार, अल्पवयीन मुलाचं नाव, भाडेकरूंची भांडणं, ही बंद खोलीतली कामं आहेत आणि तिथेच राहावीत.

सभा कोण चालवतो यावर बरंच अवलंबून असतं. वैयक्तिक तक्रारींना महापालिकेचा १९१६ हा फोन आहे, महिन्याच्या पहिल्या सोमवारचा लोकशाही दिन आहे. सभेत एकाने स्वतःच्या बाथरूमच्या गळतीवर वीस मिनिटं घेतली, की चाळीस माणसं गप्प बसतात. म्हणून आठ दिवस आधी प्रश्न लेखी गोळा करावेत, एकासारखे एकत्र करावेत, तक्रार क्रमांक शेजारी लिहावेत आणि तो कागद वॉर्ड ऑफिसला आधीच पोचता करावा. मग अधिकारी "माहिती घेऊन सांगतो" असं म्हणत नाहीत, कारण माहिती घ्यायला आठवडा मिळालेला असतो. जी कागदपत्रं मिळत नाहीत ती माहितीच्या अधिकारात मागता येतात: दहा रुपये, एक विषय, दीडशे शब्द, तीस दिवस. म्हणजे पुढच्या सभेला लागणारा कागद या सभेनंतर लगेच मागायचा.

इतिवृत्त त्याच संध्याकाळी लिहावं. चार रकाने पुरतात: काम, कबूल केलेली तारीख, कबूल करणाऱ्याचं पद, आणि ते झालं हे कुठे जाऊन बघायचं. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच बहुतेक वेळा रिकामा राहतो. "गळती दुरुस्त" असं न लिहिता "वडाच्या झाडासमोरचा चर कोरडा दिसेल" असं लिहावं. अधिकाऱ्याची बदली होते, तीन वर्षांत टेबलामागचे सगळे चेहरे बदलतात. नव्या माणसाला मागची बाकी त्या कागदावरूनच कळते. ज्याने काम वेळेत केलं त्याचंही नाव त्यात यावं, पदासकट, कारण रात्री दोन वाजता फुटलेली वाहिनी चिखलात उतरून जोडणाऱ्या माणसाला सभेचं बोलावणं जात नाही.

त्याला बोलावायला हवं. चावीवाला, सफाईचा मुकादम, बीटवरचा हवालदार, फवारणी करणारा कामगार, या चौघांना गल्लीचं जेवढं माहीत असतं तेवढं टेबलामागच्या कुणालाच नसतं. कुठल्या झडपेचा आटा अडकतो, कुठल्या हॉटेलचा तेलकट कचरा पहाटे गटारात जातो, कुठल्या गच्चीचं दार नेहमी बंद असतं, हे ते सांगू शकतात, साहेबांनी बोलायची परवानगी दिली तर. आणि समोरच्या बाजूलाही एक खुर्ची बहुधा रिकामी असते. पहाटे साडेचारला उठून पाणी भरणारी बाई संध्याकाळी सहाला कुणाच्या तरी घरी पोळ्या लाटत असते. आठवडाभराची पाण्याची नोंद तिच्याकडेच असणार, कॅलेंडरवर पेनाने लिहिलेली. सभा रविवारी दुपारी तीनला ठेवली तर ती येऊ शकते, ते कॅलेंडर हातात घेऊन.